कुठे आहेस?

सायकलवर असताना फोन आला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठे आहेस? हँडलवरच्या सायकल काँप्युटरला त्याचं उत्तर क्षणोक्षणी ठाऊक असतं, आणि हल्ली फोन आल्याचंही तोच सांगतो. उज्जैनमध्ये सायकल चालवताना मला याचा फार आनंद होतो. आपण कुठे आहोत हे मोजण्यातच या गावाची कित्येक शतकं गेली आहेत.

हे यंत्र मुळात फेरे मोजायला जन्मलं. 1895 च्या सुमारास अमेरिकेत कर्टिस वीडरने केलेल्या मोजणीयंत्रात चाकाच्या आरीला बसवलेला खिळा दर फेऱ्याला एक दातेरी चाक पुढे ढकलायचा. पुढे खिळ्याच्या जागी लोहचुंबक आला. तो चिमट्यावरच्या सेन्सरसमोरून गेला की एक फेरा झाला. टायरचा परीघ एकदा भरून ठेवायचा, 700 बाय 25 च्या टायरला साधारण 2,105 मिलिमीटर. पुढचा गुणाकार यंत्राचा. मग जीपीएस आलं, ब्लूटूथ आलं, आणि खिशातला फोन वाजला की पडद्यावर नाव उमटू लागलं.

आवाज मात्र बहुधा त्या यंत्रातून येत नाही. मी कानापुढच्या हाडावर टेकणारे इअरफोन लावतो. कान मोकळे राहतात, मागून येणारी ट्रॉली ऐकू येते. तरी पंचविसाच्या वेगाला वारा माइकवर असा आदळतो की पलीकडच्याला निम्मे शब्द कळत नाहीत. म्हणून नाव बघायचं, ब्रेक दाबायचा, एक पाय रस्त्याकडेच्या मातीत टेकवायचा आणि मग बोलायचं. चालत्या सायकलवर गप्पा मारू नयेत, या मताचा मी पक्का आहे.

शिप्रेकाठच्या वेधशाळेत गेलं की हँडलवरचा पडदा वेगळा दिसू लागतो. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी ती बांधली. पुढे मोडकळीला आली तेव्हा 1923 साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्गणिती तिचे पहिले अधीक्षक झाले. आमच्यासारखी शिंदेशाहीपासून इथे रुजलेली, घरात मराठी आणि गल्लीत माळवी बोलणारी घरं आपट्यांचं नाव आजही आपुलकीने घेतात. जुन्या भारतीय ज्योतिषात शून्य रेखांश उज्जैनवरून जायचा. बाकीच्या गावांनी आपली जागा इथून मोजायची. वेधशाळेतल्या सम्राट यंत्राच्या, म्हणजे दगडी सावलीघड्याळाच्या, सावलीवर वाचलेली स्थानिक वेळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाच्या सरासरी 27 मिनिटं मागे असते, कारण घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं आणि गाव पाऊणशेच्या थोडं पुढे. जागेचा हिशेब वेळेतूनच निघतो. जीपीएसही तेच करतं: वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांची घड्याळं ताडून बघतं. दगडी भिंतीच्या सावलीपासून या इवल्याशा पडद्यापर्यंत विद्या एकच आहे, या विचाराने मला आजही हरखून जायला होतं.

पावसाळा सरता सरता मी आगर रस्त्याने डोंगल्याला जातो. उज्जैनच्या उत्तरेला साधारण 35 किलोमीटर, दोन्ही बाजूंना पिवळं पडत चाललेलं सोयाबीन. कर्कवृत्त तिथून जातं, हे आमच्या उज्जैनच्या पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांनी दाखवून दिलं. पडद्यावर अक्षांश 23.18 पासून हळूहळू वर सरकतो. वाटेतल्या घट्टियाच्या आसपास आईचं नाव चमकतं.

"कुठे आहेस रे?"

"घट्टिया. अजून एक तास."

"पाणी आहे ना? ऊन फार झालंय."

तिच्या फोनवर माझा ठिपका नकाशावर सरकताना दिसतो, ती सोय मीच करून दिली आहे. तरी ती फोन करतेच, आणि तिने तो करावा असंच मला वाटतं. ठिपक्यावरून दम लागलाय की नाही ते तिला कळत नाही.

यंत्र स्वतःहून हाक मारतं ती वेळ निराळी. गार्मिनच्या कित्येक यंत्रांत अपघात ओळखण्याची सोय आहे. जोराचा आघात झाल्याचं दिसलं की 30 सेकंद उलटी मोजणी सुरू होते. तेवढ्यात सवाराने ती थांबवली नाही, तर ठरवून ठेवलेल्या माणसांना फोनमार्फत ठिकाणासह निरोप जातो. मात्र फोन जवळ हवा आणि रेंजही हवी, आणि आगर रस्त्यावर ती काही पट्ट्यांत गायब असते. म्हणून निघताना कुठल्या गावावरून जाणार, किती वाजता परतणार, हे मी आईला सांगूनच निघतो.

बनवणाऱ्यांनी आता एक मोठं बटण द्यावं. हातमोज्यातल्या, घामेजल्या बोटाने दाबता येईल असं, खिशातला फोन न काढता थेट घरी फोन लावणारं. पडलेला माणूस शुद्धीवर असतो तेव्हा त्याला निरोप धाडण्याआधी बोलायचं असतं.