उंटाची चाल

ज्या घरात अंडेही शिजत नाही अशा घरातील आम्ही; शिकारीच्या बेतात आम्हांस काय गम्य असणार? तथापि अमेरिकेतील वायोमिंग राज्यात, लॅरमी गावी भाच्याकडे राहावयास गेलो असता, शेजारच्या गृहस्थांच्या मेजावर रोज रात्री पसरलेल्या नकाशाने आम्हांस गुंतविले खरे. बेत हरीण आणि एल्क यांच्या शिकारीचा. एल्क म्हणजे सांबराचाच थोर भाऊबंद. मोठा नर ३०० किलोंच्या घरात भरतो.

त्या चर्चेत बंदूक क्वचितच येई. सारा खल पाऊल कोठे टाकावे याचा. वन्य पशू तेथे जनतेच्या मालकीचा आणि परवाना सरकारचा. पण त्यांनी निवडलेला डोंगराळ मुलूख बहुतांशी खाजगी. १८६२ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांस रुळांच्या दोहों बाजूंस चौरस मैलाचे तुकडे एकाआड एक मिळाले, त्यामुळे नकाशा हुबेहूब बुद्धिबळाचा पट झाला आहे. सरकारी घरे परस्परांस केवळ कोपऱ्याशी भिडतात. जावयाचे तर उंटासारखे तिरपेच. २०२१ साली एल्क पर्वतावर काही शिकारी कोपऱ्यावर शिडी टाकून, खाजगी मातीस पाय न लावता, असेच गेले. जमीनमालकाने खटला भरला. मार्च २०२५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने १८८५ च्या कायद्याच्या आधारे शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्याचे नाकारले.

“मग अडले कोठे?” भाच्याने विचारले.

अडले होते ते जनावराशी. मनुष्य कोपरा पाहून चालेल. गोळी लागलेला पशू कोपरे पाहून पळत नाही. तो पलीकडच्या कुरणात जाऊन पडला, तर मालकाच्या परवानगीवाचून आणता येत नाही. शिवाय मांस कापून पाठीवरून वाहावयाचे, एका एल्कास चार-पाच खेपा, त्याही कडेकपारींतून. शिडीवरून ते कसे उतरवावे? शिकार ही आमच्या लेखी हिंसाच. परंतु बार काढण्यापूर्वी चार महिने मेलेल्या जनावराच्या वाटेचा घोर लावून घेणारा हा मनुष्य आम्हांस आवडला.

अखेर ते कुरणाच्या मालकिणीस भेटावयास गेले. गाडीत आम्हीही होतो. वृद्ध बाईंनी उभ्यानेच नकाशा न्याहाळला. माझ्या कुरणात बार काढावयाचा नाही, त्या म्हणाल्या; पलीकडच्या सरकारी जमिनीत फाटकातून खुशाल जा, आणि जनावर आत येऊन पडले तर अपरात्रीही दार ठोठवा.

त्या रात्री गृहस्थांनी नकाशावरील तिरप्या रेघा रबराने पुसल्या व फाटकापासून नवी रेघ ओढावयास घेतली.