दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

गेल्या महिन्यात नदीकाठच्या वस्तीतल्या एक मावशी घरी आल्या. “भाऊ, 2019 च्या पुरात तुम्ही आमच्या घराचा फोटो काढला हुता. तेवढा काढून द्या की.” पडलेल्या घराच्या जागेवरून त्यांचा वाद सुरू आहे. तिथं आपलं घर होतं हे दाखवायला त्यांच्याकडे काही उरलेलं नाही. कागद पुरातच गेले.

मी निर्धास्त होतो. 16 वर्षांचे फोटो, सभांची रेकॉर्डिंग, माहिती अधिकारात मिळालेले कागद, सगळं घरच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर आहे. त्याचाच मी सर्व्हर केलाय. आत दोन डिस्क, ‘रेड’ पद्धतीने जोडलेल्या. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच. एक मेली तरी काम थांबत नाही. लाईट गेली तर यूपीएस आहेच. म्हटलं, मावशी, पाच मिनिटं बसा.

फोल्डरच नव्हतं.

जागा कमी पडते म्हणून दिवाळीआधी साफसफाई केली होती, तेव्हा माझ्याच हातून उडालं असणार. दुसऱ्या डिस्कने तिचं काम चोख केलं होतं. पहिलीवरून गेलं त्याच क्षणी तिच्यावरूनही गेलं. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं, पण त्या जागेवर नंतरचे व्हिडिओ लिहिले गेले होते. कपाटात त्या वर्षीची एक डीव्हीडी सापडली. पुराचे 40 फोटो निघाले, त्यात मावशींचं घर नव्हतं. “राहू दे भाऊ, बघते दुसरं काय तरी,” म्हणाल्या. मला मान वर करता येईना.

मशीन बंद पडू नये म्हणून दोन डिस्क असतात. बॅकअप म्हणजे काही चुकलं तर मागे जाता यावं म्हणून वेगळी ठेवलेली प्रत. चुकून डिलीट होणं, व्हायरस, वीज पडणं, चोरी, पूर, यात दोन्ही डिस्क एकदमच जातात. कारण दोन्ही एकाच डब्यात.

फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 असा एक नियम आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आता मी दर रविवारी बाहेरची डिस्क जोडतो, कॉपी झाली की काढून कपाटात ठेवतो. जोडलेलीच नसेल तर तिला व्हायरसही लागत नाही आणि विजेचा झटकाही. आणखी एक डिस्क दुसऱ्या गावात, बहिणीकडे. दर महिन्याला दोन्हींची अदलाबदल. आणि महिन्यातून एकदा कुठलंही एक फोल्डर बॅकअपमधून परत काढून, उघडून बघतो. कधी न उघडलेला बॅकअप ही नुसती समजूत असते.

माझं एक फोल्डर गेलं. दक्षिण कोरियात सप्टेंबर 2025 मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल ठेवायची ‘जी-ड्राइव्ह’ जळाली. 858 टेराबाइट. साठा फार मोठा म्हणून बाहेर प्रत ठेवलीच नव्हती! आपल्याकडे 2012 च्या आगीत मंत्रालयातल्या कागदी फायली गेल्या, तेव्हा सगळं कॉम्प्युटरवर आणा असं आपणच म्हणत होतो.

आता बघा, घरपट्टी, जन्म-मृत्यूच्या नोंदी, पतसंस्थेची खाती, शाळेचे दाखले. विचारलं की उत्तर मिळतं, “सगळं ऑनलाइन आहे.” पुढच्या सभेत उभं राहून दोनच प्रश्न विचारा. दुसरी प्रत कुठल्या इमारतीत आहे? आणि ती शेवटची उघडून कधी बघितली?

एक विनंती. ऑगस्ट 2019 मध्ये नदीकाठच्या वस्तीत कुणी फोटो, व्हिडिओ काढले असतील तर जुने मोबाइल, मेमरी कार्ड जरा चाळा आणि मला पाठवा. मूळ फाइलच पाठवा, त्यात तारीख राहते. मावशींची सुनावणी अजून व्हायची आहे.