तळ्याचा काठ

आमच्या गावच्या तळ्याचे चार वर्षांपूर्वी सुशोभीकरण झाले. बाक आले, दिवे आले, चारही बाजूंनी सरळ सिमेंटची भिंत उभी राहिली. उतरता काठ मात्र गेला, आणि त्याबरोबर तिथली लव्हाळी, जलब्राह्मी, तालीमखाना हेही गेले. पुढच्या पावसाळ्यात बेडकांचा आवाज कमी झाल्याचे आधी अम्मींच्या लक्षात आले. पिल्लांना पाण्याबाहेर यायला काठच उरला नव्हता.

म्हणून आम्ही परसातच छोटे तळे केले. ८ फूट लांब, ६ फूट रुंद, मध्ये २ फूट खोल. रत्नागिरीच्या जांभ्या जमिनीत पाणी मुरते, म्हणून तळाला जाड प्लास्टिक घातले. एका बाजूला पायऱ्यांसारखे दोन टप्पे ठेवले: वरच्यावर दोन बोटे पाणी, खालच्यावर वीतभर. दुसऱ्या बाजूला दगडांचा उतार. खरी वस्ती या टप्प्यांवरच होते.

रोपे विकत आणली नाहीत. भाताच्या खाचरांच्या बांधावरून, मालकांना विचारून, मूठ-मूठ आणली. जलब्राह्मी उथळ पाण्यात लावली. हिची पाने लहान व जाडसर असतात. आपल्याकडे पुष्कळ घरांत ज्या गोल पानांच्या वेलीला ब्राह्मी म्हणतात ती वेगळी; ती ओल्या मातीत, पाण्याच्या वर लावावी. तालीमखाना काटेरी, जांभळ्या फुलांचा. हकिमांच्या नुस्ख्यातला तालमखाना म्हणजे याचेच बी. पंखांवर मोरपिसासारखे डोळे असलेले नारिंगी फुलपाखरू याच्यावर अंडी घालते. पाणकणीस हवेच असेल तर कुंडीत ठेवावे, नाहीतर ते सगळे तळे व्यापते. जलपर्णी कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. ती दक्षिण अमेरिकेतली; पाणी झाकून टाकते आणि खालच्या जिवांचा श्वास कोंडते.

मातीत शेणखत घालू नये. खताने शेवाळ माजते. साधी माती, वर खडी, एवढे पुरते. उन्हाळ्यात पाणी उतरले की वजूचे पाणी नळीने तळ्यात सोडतो. त्यात साबण नसतो.

दुसऱ्या वर्षी गल्लीतल्या एका मुलाला डेंग्यू झाला. शेजारच्या खाला सरळ म्हणाल्या, "बाई, ते तळं बुजवा." त्यांची भीती रास्त होती. डेंग्यूचा डास बहुधा साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण ८-१० दिवस पुरतात. आम्ही खालांना घरी बोलावले. पांढऱ्या वाडग्यात काठाचे पाणी घेऊन दाखवले. त्यात चतुराची अळी होती, पाणकिडे होते. हे सारे डासांच्या अळ्या खातात, आणि चतुर बाहेर पडतो तो बहुधा लव्हाळ्यासारख्या काडीवर चढून. मग त्यांच्याच अंगणातल्या करवंट्या आणि जुना टायर पाहिला. तिथे अळ्या वळवळत होत्या. खालांनी टायर त्याच दिवशी काढला.

तरीही आम्ही सारे काठावर सोपवलेले नाही. दर शुक्रवारी मुले वाडग्याने पाणी तपासतात. अळ्या दिसल्याच तर गाळणीने काढायच्या, हा नियम आहे. लहान मुले येतात म्हणून वर लोखंडी जाळी बसवली आहे.

गावच्या तळ्याची निदान एक बाजू पुन्हा उतरती करावी, असा अर्ज आम्ही गावकऱ्यांच्या सह्यांनी दिला आहे. खालांची सहीही त्यात आहे. उत्तर अजून आलेले नाही. रोपे मात्र तयार आहेत.

ज्यांना परस नाही त्यांनी पसरट घमेले घ्यावे. एका बाजूला दगड रचून उतार करावा आणि जलब्राह्मीची एक काडी खोचावी. एवढ्याशा पाण्यात डास खाणारे कोणी टिकेलच असे नाही, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण बदलावे व घमेले घासून घ्यावे. काडी महिनाभरात पसरते. मग तिच्यावर काय येऊन बसते, ते मुलांना मोजू द्यावे.