जग कोणाच्या घरी नांदते

मित्रांसाठी घरी गेमचा सर्व्हर उभारायचा म्हटले की चर्चा आधी यंत्रावर येते: रॅम किती, प्रोसेसर कोणता, एसएसडी हवी का. माझ्या मते हा दुय्यम प्रश्न आहे. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती घ्या. पाच-सहा जणांच्या खेळाला चार जीबी रॅम मोकळी ठेवता येईल असा जुना लॅपटॉप पुरतो. सर्व्हरची जार फाइल चालवली की पहिल्या वेळी ती ‘ईयूएलए’ नावाची छोटी फाइल तयार करून थांबते. त्या फाइलीत ‘फॉल्स’च्या जागी ‘ट्रू’ लिहिले, म्हणजे अटी मान्य केल्या, की दुसऱ्या वेळी जग आकाराला येऊ लागते. इतके जमायला फार वेळ लागत नाही. अवघड प्रश्न त्यानंतरचा आहे: चार मित्रांनी मिळून वर्षभर बांधलेले गाव कोणी सांभाळायचे आणि ते कधी बंद पडावे हे कोणी ठरवायचे? ते खेळणाऱ्यांनीच ठरवावे, आणि त्यासाठी सर्व्हर त्यांच्यापैकी कोणाच्या तरी घरी असावा, असे माझे ठाम म्हणणे आहे.

हा नुसता हट्ट नाही. २०१४ मध्ये गेमस्पायची सेवा बंद झाली आणि तिच्या भरवशावर असलेल्या कित्येक गेम्सचा ऑनलाइन खेळ एकदम अडला. त्याच वर्षी बाजारात आलेल्या ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर युबीसॉफ्टने मार्च २०२४ च्या अखेरीस बंद केले. त्यानंतर पैसे मोजून घेतलेली डिस्क एकट्याने खेळण्यापुरतीही उपयोगाची उरली नाही. यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. याउलट १९९६ चा ‘क्वेक’ पाहा. त्याचा सर्व्हर कोणालाही आपल्या यंत्रावर चालवता येत होता, म्हणून तो आजही खेळला जातो. गेम किती जुना आहे यापेक्षा त्याचा सर्व्हर कोणाकडे आहे यावर त्याचे आयुष्य ठरते.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेगाचा: घरचे यंत्र भाड्याच्या यंत्राची बरोबरी कशी करणार? इथे हिशेब मांडून पाहावा. माइनक्राफ्टचा सर्व्हर जगाची स्थिती सेकंदाला २० वेळा ठरवतो, म्हणजे प्रत्येक फेरीला ५० मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकले नाही की फोडलेला दगड पुन्हा जागेवर दिसतो, दार उशिरा उघडते आणि सर्व्हरच्या खिडकीत ‘कान्ट कीप अप’ अशी तक्रार उमटते. अशा वेळी नवे यंत्र घेण्याआधी ‘व्ह्यू डिस्टन्स’ तपासावा. मुळात तो १० असतो, म्हणजे खेळाडूभोवती २१ गुणिले २१, एकूण ४४१ चंक (जगाचे चौकोनी तुकडे) सांभाळावे लागतात. तो ६ वर आणला की १६९ उरतात. अंतराचेही तसेच. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. भाड्याचे यंत्र सिंगापूरला असेल तर ते मुंबईहून जवळपास चार हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ४० मिलिसेकंद लागणारच. पुण्यातल्या घरचा सर्व्हर नाशिकच्या मित्राला त्याहून जवळ आहे. मंडळीतले कोणी जर्मनीला नोकरीला गेले असेल तर त्याला थोडे सोसावे लागेल, हे मात्र खरे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बाहेरच्याला घरात यायला वाट तर हवी! आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, म्हणून अनेक कंपन्या कित्येक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर माइनक्राफ्टचे २५५६५ क्रमांकाचे पोर्ट कितीही उघडा, उपयोग शून्य. आणि वाट मिळालीच तर ती अनोळखी माणसालाही मिळते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली त्रुटी उघड झाली, तेव्हा गेमच्या चॅटमध्ये टाकलेल्या एका ओळीने सर्व्हरवर परका प्रोग्रॅम चालवता येत होता. हा धोका हसण्यावारी नेऊ नये. माझा सल्ला असा की दार सगळ्या जगाला उघडूच नये. वायरगार्ड किंवा टेलस्केलने फक्त मित्रांच्या यंत्रांचे खासगी जाळे करावे. टेलस्केल घेतले तर पत्त्याची अडचणही त्यातच सुटते. शिवाय व्हाइटलिस्ट, म्हणजे प्रवेश असलेल्या खेळाडूंची यादी, चालू ठेवावी, सर्व्हरला प्रशासकाचे अधिकार नसलेल्या वेगळ्या खात्यात ठेवावे आणि नवी आवृत्ती आली की टाळाटाळ करू नये.

राहता राहिली वीज. २५ वॉट खाणारा लॅपटॉप अहोरात्र चालला तर महिन्याला १८ युनिट होतात. दिवे गेले तरी लॅपटॉपची बॅटरी त्याला तगवते. राउटर तेवढा इन्व्हर्टरवर घ्यावा, नाहीतर सर्व्हर जिवंत आणि वाट बंद अशी गत होते.

या कामातले खरे कसब मात्र प्रत काढण्यात आहे आणि नेमके तिथेच लोक घाई करतात. सर्व्हर चालू असताना ‘वर्ल्ड’ फोल्डर सरळ कॉपी करणे म्हणजे वाहत्या पाण्याची मोजणी करणे. जगाचे चंक वेगळ्या फाइलींत असतात, खेळाडूंचे सामान वेगळ्या. एक फाइल आत्ताची आणि दुसरी पाच मिनिटांपूर्वीची उचलली गेली, तर परत आणलेल्या जगात तोच हिरा पेटीतही सापडतो आणि झोळीतही, किंवा दोन्हीकडे नसतो. म्हणून आधी ‘सेव्ह-ऑफ’ करावे, मग ‘सेव्ह-ऑल फ्लश’, मग कॉपी आणि शेवटी न विसरता ‘सेव्ह-ऑन’. शेवटची आज्ञा राहिली तर पुढचा खेळ आपोआप डिस्कवर उतरत नाही. आणि काढलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर चालवून पाहिल्याशिवाय तिला प्रत म्हणू नये.

एक आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. कंपनीची मालकी गेली आणि घरमालकाची आली, तर मिळवले काय? ज्याच्या घरी सर्व्हर, त्याच्या हातात सगळ्या आज्ञा. तो हवी ती वस्तू निर्माण करू शकतो, नको त्याला बाहेर काढू शकतो, रुसला तर बटण दाबून मोकळा होतो. हे नाकारता येत नाही. पण इथे उपाय आपल्या हातात असतो. ‘ऑप’चे, म्हणजे या आज्ञा देण्याचे, अधिकार आणखी एकाला द्यावेत, नियम सगळ्यांनी बसून ठरवावेत आणि दर महिन्याची प्रत निदान दोन मित्रांच्या घरी जावी. सोबत सर्व्हरची नेमकी आवृत्ती आणि मोड्सची यादीही हवी, नाहीतर ती प्रत नीट उघडेलच असे नाही. मग ज्याच्या घरी सर्व्हर आहे त्याची बदली झाली, त्याच्या घरी तान्हे बाळ आले किंवा त्याचा खेळातला रसच संपला, तरी दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपवर तेच गाव त्याच आठवड्यात चालू करता येते.