वजनाची शस्त्रक्रिया आणि वऱ्हाडातले घर

लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया जठरावर होते. पोटावरची चरबी तिच्यात काढली जात नाही; जठराचा आकार बदलतो, आणि काही प्रकारांत अन्नाचा आतड्यातला मार्गही बदलतो. आज सर्वांत जास्त होणाऱ्या ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’त जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. तिच्यात १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे लहान वाटीभर अन्न मावते. काढलेल्या भागात भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होत असते. त्यामुळे पहिले काही महिने भूकही मंदावते. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६मध्ये ही पद्धत सुरू केली आणि १९९०च्या दशकात ती दुर्बिणीतून होऊ लागली. तेव्हा भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असलेले नागपूरचे नितीन गडकरी यांच्यावर २०११मध्ये मुंबईत लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया झाली. त्या बातमीने विदर्भात या उपचाराची चर्चा घरापर्यंत आली.

शस्त्रक्रिया कोणाला करावी, हे ठरवताना किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात. येणारा आकडा म्हणजे बीएमआय. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१मध्ये ४० ही मर्यादा सांगितली होती. गंभीर सहव्याधी असल्यास ३५. २०२२च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ती सहव्याधी नसतानाही ३५वर आणली आणि आशियाई माणसांसाठी २७.५पासूनच या उपचाराचा पर्याय द्यावा असे म्हटले. या फरकामागचे कारण समजायला पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम मोलाचे ठरले. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःची आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना छापली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याच वजनाचा भारतीय माणूस आतून जास्त चरबी बाळगतो आणि मधुमेहाकडे लवकर जातो. अकोल्यातला ९५ किलोचा माणूस स्वतःला ‘जरा अंगाने भरलेला’ समजत असतो, तेव्हाही त्याचे यकृत, गुडघे आणि रक्तातली साखर वेगळेच काही सांगत असतात.

इथवर येण्याआधी बहुतेक रुग्णांची अनेक वर्षे प्रयत्नांत गेलेली असतात. अमरावतीला व्यायामाची मोठी परंपरा आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४मध्ये स्थापन झाले आणि १९३६मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने तिथे देशी खेळ करून दाखवले. आहाराचे प्रयोगही याच मातीत रुजले. विदर्भाचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली दोनच वेळा जेवण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे महाराष्ट्रभर नेली आणि असंख्य लोकांनी ती मनापासून पाळली. या मार्गांनी वजन उतरते. मात्र लठ्ठपणा फार वाढलेला असेल, तर उतरलेले वजन टिकवणे शरीरच अवघड करते. वजन घटले की शरीर ऊर्जेचा खर्च कमी करते, भुकेची संप्रेरके वाढवते, आणि ही ओढ वर्षभरानंतरही कायम राहू शकते. रुग्ण पुन्हा जाड होतो तेव्हा आजूबाजूचे लोक त्याला आळशी, खादाड ठरवतात, आणि हळूहळू तोही स्वतःला तसेच समजू लागतो. लठ्ठपणा हा दीर्घकालीन आजार आहे ही गोष्ट वैद्यकशास्त्राने मान्य केली आहे. घरांनी ती मान्य करणे तितकेच गरजेचे आहे, कारण शरमेमुळे माणूस दवाखान्यात उशिरा पोहोचतो.

निर्णय झाल्यावर तपासण्या सुरू होतात. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व, हृदयाची टू-डी इको, पोटाची सोनोग्राफी, एंडोस्कोपी, आणि घोरण्याचा त्रास असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी. आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञही रुग्णाशी बोलतात. तंबाखू बंद करावी लागते. वऱ्हाडात सिगारेटइतकाच खर्ऱ्याचा प्रश्न असतो, आणि खर्रा सोडणे काहींना शस्त्रक्रियेपेक्षाही कठीण वाटते. तंबाखूमुळे जखम भरायला वेळ लागतो आणि बायपासनंतर अल्सरचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर या बाबतीत सूट देत नाहीत. शस्त्रक्रियेच्या आधी सुमारे दोन आठवडे कमी उष्मांकांचा, प्रथिनयुक्त आहार देतात. त्याने चरबीने फुगलेले यकृत आकसते आणि शल्यचिकित्सकाला जठरापर्यंत पोहोचणे सोपे जाते.

पैशाचा विचारही याच काळात करावा लागतो. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९च्या सूचनांनुसार आरोग्य विम्यात ही शस्त्रक्रिया ठरावीक अटींवरच बसते: वय किमान १८, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, अथवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेतला गंभीर श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काही, आणि साध्या उपायांना आलेले अपयश. म्हणजे वैद्यकीय दृष्ट्या गरज असलेले काही भारतीय रुग्ण विम्याच्या अटींबाहेर राहतात. पॉलिसीची भाषा आधी वाचलेली आणि जुन्या उपचारांचे कागद जपलेले असले, तर पुढची धावपळ वाचते.

अमरावती-अकोल्यातले अनेक रुग्ण शस्त्रक्रियेसाठी नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठतात. नागपूर अमरावतीहून सुमारे १५० किलोमीटर आहे आणि अकोल्याहून साधारण २५०. मुंबईला रात्रभराचा रेल्वेप्रवास. अंतराचा परिणाम उपचारावर होतो. परतीच्या लांब प्रवासात पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तासातासाला उठून चालावे लागते. पुढच्या तपासण्यांसाठीही पुन्हा तितकेच अंतर कापायचे असते, आणि बरे वाटू लागले की नेमक्या याच खेपा पहिल्यांदा गळतात.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते आणि साधारण एक ते दोन तास चालते. पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडतात, कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवतात, आणि स्टेपलर नावाच्या उपकरणाने जठर कापताकापताच टायटॅनियमच्या बारीक पिनांनी शिवले जाते. शुद्धीवर येणाऱ्या रुग्णाला छिद्रांपेक्षा खांद्यातली कळ जास्त जाणवते. ती आत उरलेल्या वायूमुळे असते आणि चालण्याने कमी होते. म्हणून त्याच संध्याकाळी परिचारिका त्याला उठवून चालवतात, पायांत घट्ट मोजे घालतात आणि फुप्फुसांसाठी श्वासाचा व्यायाम देतात. मळमळ, कोरडे तोंड आणि ‘आपण हे काय करून घेतले’ असा धास्तीचा विचार पहिल्या दोन दिवसांत अनेकांना येतो. तो स्वाभाविक आहे आणि ओसरतो. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सुट्टी मिळते. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेत जिवाला असलेला धोका पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेइतका, साधारण हजारात एक, मानला जातो. तरी शिवणीतून गळती होण्याची शक्यता असते. नाडी फार जलद चालणे, ताप, वाढती पोटदुखी किंवा धाप यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे असते.

घरी आल्यावर खरे काम स्वयंपाकघरात सुरू होते. पहिले साधारण दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ: वरणाचे गाळलेले पाणी, पातळ ताक, नारळपाणी, सूप, प्रथिनांची पावडर. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले वरण आणि मऊ दही. त्यानंतर ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्यांसारखे मऊ अन्न. सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण हळूहळू परत येते, तेही थोडे थोडे आणि प्रत्येक घास नीट चावून. ठेचा आणि झणझणीत रस्सा यांना बरेच थांबावे लागते. तुपात भिजलेला रोडगा लहान जठराला जड जातो. मऊ भात किंवा पोळीही घाईने गिळली तर छातीत अडकल्यासारखी होते. पोट भरल्याची खूण आता वेगळी असते: उचकी, नाकातून पाणी, छातीत दाटल्यासारखे वाटणे. ती ओळखून त्या क्षणी थांबायला शिकावे लागते. एक घास जास्त झाला तर तो उलटून पडतो.

पाण्याचा प्रश्न वऱ्हाडात विशेष अवघड होतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. बाहेरून आलेला माणूस एरवी माठातले दोन ग्लास एका दमात रिचवतो. या रुग्णाला ते जमत नाही. त्याला घोटाघोटाने दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी पोटात घालायचे असते, आणि जेवणाच्या आधी व नंतर अर्धा अर्धा तास पाणी टाळायचे असते. लघवी गडद होणे, उठताना चक्कर येणे, ही पाणी कमी पडल्याची चिन्हे. तहान लागण्याची वाट न पाहता सतत जवळ बाटली ठेवणे हाच उपाय. तारीख निवडण्याची मुभा असेल, तर दिवाळीनंतरचे महिने वऱ्हाडातल्या रुग्णाला सोपे जातात.

प्रथिनांची गरज रोज ६० ते ८० ग्रॅम असते, आणि वाटीभर जठरात ती बसवायची असते. म्हणून ताटाचा क्रम बदलतो: आधी डाळ, उसळ, पनीर, अंडे किंवा चिकन, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकर. वऱ्हाडाच्या शेतांत सोयाबीन आणि तूर पिकते, अकोल्यात डाळमिल आहेत. तरी बहुतेक ताटांत पोळी-भाकरीचाच भाग मोठा असतो आणि वरण पातळ असते. दिवसातून दोनदाच खाण्याचा पूर्वीचा नियमही इथे चालत नाही. आता थोडे थोडे, पाच-सहा वेळा खावे लागते.

सर्वांत कठीण ठिकाण पंगत. वऱ्हाडात माया आग्रहातून व्यक्त होते. ‘काहून, भाजी आवडली नाही का बाप्पा?’ या प्रश्नामागे प्रेमच असते, पण रुग्णाला तो उत्तर देऊन देऊन थकवतो. महालक्ष्म्यांच्या जेवणात पुरणपोळी, सोळा भाज्या आणि आंबील असते. चमचा चमचा प्रसाद घेऊन थांबण्याची मोकळीक घरच्यांनीच चारचौघांत द्यायला हवी. उपवासांचाही नव्याने विचार करावा लागतो. साबुदाणा, भगर आणि बटाटा यांत प्रथिने फार थोडी असतात. हरतालिकेचा निर्जळ उपवास तर या रुग्णासाठी धोक्याचा आहे. रुग्ण बाई असेल तर आणखी एक गोष्ट बदलावी लागते. सगळ्यांना वाढून शेवटी बसणे आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून संपवणे, ही अनेक घरांतली रीत. तिला आता वेळेवर, ताजे आणि सर्वांच्या बरोबरीने जेवण मिळायला हवे. औषधांइतकेच ते उपचाराचा भाग आहे.

वजन पहिल्या सहा महिन्यांत वेगाने उतरते आणि साधारण वर्ष-दीड वर्षात स्थिरावते. तोवर शरीराचे एकूण वजन सरासरी २५ ते ३० टक्क्यांनी कमी झालेले असते. मधुमेहाच्या रुग्णांत, विशेषतः बायपासनंतर, वजन उतरण्याआधी काही दिवसांतच साखर सुधारते. गोळ्या किंवा इन्सुलिन डॉक्टरांनी लगेच कमी केले नाही तर साखर फार खाली जाऊ शकते. स्वीडनमध्ये १९८७पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्यूचे प्रमाण इतर उपचार घेतलेल्यांपेक्षा कमी आढळले. याच काळात त्रासही असतो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मूठमूठ गळतात आणि नंतर परत येतात. झपाट्याने वजन उतरल्याने पित्ताशयात खडे होऊ शकतात. कातडी सैल पडते. स्लीव्हनंतर काहींना आम्लपित्त सतावते. तरुण स्त्रियांत मासिक पाळी नियमित होऊन गर्भ राहण्याची शक्यता वाढते, पण बाळाचे पोषण नीट व्हावे म्हणून १२ ते १८ महिने थांबण्याचा सल्ला देतात. लवकर मूल हवे म्हणणाऱ्या सासर-माहेरच्या मंडळींना ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी.

मनातही मोठी हालचाल होते. दुःख, कंटाळा, राग यांवर खाण्याचा आधार घेणाऱ्या माणसाचा तो आधार एका दिवसात जातो. काही जण उदास होतात, काहींची दारूकडे ओढ वाढते. बायपासनंतर दारू फार वेगाने चढते. ‘किती सुकला गा तू’ आणि ‘शॉर्टकट मारला’ ही दोन्ही वाक्ये लागतात. या काळात समुपदेशनाची मदत घेण्यात कमीपणा नाही, आणि आधी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाशी झालेले बोलणेही फार धीर देते.

शस्त्रक्रियेनंतरची देखरेख जन्मभराची आहे. जठराचा मोठा भाग गेल्यावर किंवा अन्नाचा मार्ग बदलल्यावर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडत जाते. शाकाहारी माणसात बी-१२ अनेकदा आधीच कमी असते. गोळ्या कायम घ्यायच्या आणि पहिल्या वर्षानंतर दरवर्षी रक्त तपासायचे. या तपासण्या अमरावती-अकोल्यातच होतात. अहवाल फोनवरून शल्यचिकित्सकाला पाठवला तरी अनेक खेपा वाचतात. सतत उलट्या होत असतील तर बी-१ जीवनसत्त्व घटून मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून तिथे उशीर नको. बायपास झालेल्याने अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत. त्यांतल्या अनेक गोळ्यांनी अल्सर होऊ शकतो. काही वर्षांनी थोडे वजन परत येते. ते फार वाढू लागले तर पुन्हा आहारतज्ज्ञाकडे आणि शल्यचिकित्सकाकडे जावे, लाजून घरी बसू नये. शल्यचिकित्सक दोन तासांत जठर लहान करू शकतो. त्या लहान जठरासह चांगले जगणे रोजच्या ताटावर, वेळेवर आणि भोवतीच्या माणसांच्या समजुतीवर ठरते. ही समजूत मिळवून देणे वऱ्हाडातल्या प्रत्येक घराच्या हातात आहे.