ट्रॅपच्या झाकणाखाली

१२ जानेवारी, सावनेर
बेसवर, म्हणजे ठरलेल्या एकाच जागी, पहिलं रीडिंग घेऊनच निघालो. ग्रॅव्हिमीटरची स्प्रिंग दिवसभरात थोडी थोडी सरकते, त्यात चंद्र-सूर्याच्या ओढीची भर. म्हणून दुपारी, संध्याकाळी बेसवर परत येणं आलंच. इथून कामठीकडे गोंडवाना खडकांचा पट्टा आहे, कोळशाच्या खाणीही त्यातल्याच. सिलेवाड्याच्या दगडखाणीतून स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे ठसे जमवले. कळमेश्वरकडे वळलं की मात्र दख्खनचा काळा ट्रॅप सगळं झाकून टाकतो. त्याखाली गोंडवानाचं खोरं कुठवर गेलंय, ते शोधायचंय.

१३ जानेवारी, कळमेश्वर रस्ता
मॅग्नेटोमीटर धरणाऱ्या मुलाचा पट्टा, किल्ल्या, मोबाइल काढून ठेवला. तरी तारेचं कुंपण जवळ आलं की आकडे बिथरतातच. ट्रॅपवर तर दहा-वीस पावलांत शेकडो नॅनोटेस्लांचा फरक! त्यातले काही थर पृथ्वीचं चुंबकत्व उलटं असताना थिजलेले. त्यामुळेही आकडे वर-खाली होतात.

एका संत्राबागवाल्याने ग्रॅव्हिमीटरकडे बघत विचारलं, "साहेब, पाणी लागन का?" म्हटलं, दादा, हे यंत्र पाणी दाखवत नाही, खाली खडक जड की हलका एवढंच सांगतं. "मंग बोरवाल्यालेच इचारतो," म्हणून तो निघाला.

१४ जानेवारी, नागपूर
तिळगूळ तोंडात, समोर आकडेमोड. उंचीत १ मीटर चुकला तर ०.२ मिलिगॅल चुकतो, म्हणून आधी डीजीपीएसच्या उंच्या तपासल्या.

खरी अडचण पुढे आहे. तळाचा नाईस २.६७ घनतेचा, गोंडवानाचा वाळूखडक साधारण २.४, ट्रॅप २.९. ३०० मीटर वाळूखडक गुरुत्व सुमारे ३.४ मिलिगॅलने उतरवतो. त्यावरचा तितकाच जाड ट्रॅप २.९ ने चढवतो. उरतो अर्धा मिलिगॅल. म्हणजे नकाशा सपाट दिसला म्हणून खाली खोरं नाही, असं म्हणता येत नाही. आधी ट्रॅपची जाडी हवी.

१५ जानेवारी, कळमेश्वर
संत्राबागवाल्याचा सल्ला मीच घेतला; बोरवाल्याला गाठलं. कुठल्या गावात किती फुटांवर काळा चुरा संपून रेती लागली, हे त्याला तोंडपाठ. जिथे शेवटपर्यंत काळाच निघाला, तिथे जाडी निदान तेवढी तरी धरता येईल. मोजणीच्या पुढच्या रेषा ट्रॅपच्या काठावरच्या, रेती लागलेल्या बोरांवरून सुरू करून पश्चिमेकडे न्यायच्या.