पुसलेली नावे

अमरावतीच्या एका जुन्या घराच्या माळ्यावर भजनी मंडळाचा ध्वनिवर्धक ठेवलेला होता. जिल्ह्यातील मोझरी येथे तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि त्यांच्या खंजिरीचा नाद वऱ्हाडातील खेड्याखेड्यांत पोचला. या घरातील आजोबाही तरुणपणी गावोगाव भजने गात. भजन संपले, की ते यंत्राचे चारही व्हॉल्व मऊ फडक्याने पुसून ठेवीत. काचेवरील नावाची शाई फार नाजूक असते. वर्षानुवर्षे फिरलेल्या त्या मायेच्या हातानेच नावे पुसून गेली.

व्हॉल्व म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातील तापलेल्या धातूमधून विद्युत्कण बाहेर पडतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. १९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी पहिला व्हॉल्व घडविला. पुढे अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तारेची जाळी बसविली. पाटाच्या पाण्याला जशी दारी, तशी विद्युत्कणांना ही जाळी. तिच्यावरील क्षीण संकेत मोठ्या प्रवाहाला आवरतो वा मोकळा सोडतो, आणि हळू आवाज मोठा होतो.

एके दिवशी माळा झाडताना नातवाने चारही व्हॉल्व उपसून काढले. परत बसवू लागला, तेव्हा त्याच्या छातीत धस्स झाले. प्रत्येकाला नऊच पाय. कोणताही व्हॉल्व कोणत्याही बैठकीत बसत होता! एकेक लावून पाहावा, असा मोह त्याला झाला. पण चुकीच्या जागी बसविलेला व्हॉल्व यंत्रच जाळू शकतो, हे त्याने ऐकले होते. त्याने आजोबांपाशी चूक कबूल केली. आजोबा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी बडनेरा, मूर्तिजापूर मागे टाकीत दोघे अकोल्याच्या एका वृद्ध कारागिराकडे गेले.

“काका, नावच नाही, मग ओळखायचे कसे?” मुलाने विचारले.

“मानसाची वळख नावानं होते का कामानं? आधी पाह्य, मंग हात लाव,” कारागीर हसून म्हणाला.

यंत्राची तार काढलेली होती. तरीही आतील वीजसंचयकांत तीनशे व्होल्टपर्यंतचा जीवघेणा दाब उरू शकतो. म्हणून त्याने आधी तो सावधपणे उतरविला. मग भिंग घेऊन तो व्हॉल्व न्याहाळू लागला. बुटक्या व्हॉल्वच्या पोटात दोन सारखे पत्रे शेजारी शेजारी उभे होते. तो आवाज प्रथम वाढविणारा ईसीसी ८३ सारखा दिसला. उंच तिघांपैकी दोघांत एकेकच रुंद पत्रा होता. ते कर्ण्याला बळ देणारे ईएल ८४ असावेत. उरलेल्यात दोन पत्रे होते, पण जाळी नव्हती. तो विजेला एकाच दिशेने वाहू देणारा ईझेड ८१ वाटला.

एवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. त्याने यंत्र उलटे करून बैठकींच्या तारा तपासल्या. एकीत चौथा व पाचवा पाय जोडलेले होते. ती ईसीसीची खूण. कर्ण्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या तारा दोन बैठकींच्या सातव्या पायांना गेल्या होत्या, त्या ईएलच्या. शेवटी परीक्षण यंत्रावर त्याने प्रत्येकाची खात्री करून घेतली, कारण बाहेरून जुळ्या भावंडांसारखे दिसणारे व्हॉल्व गुणांनी निराळे असतात.

एका ईएलच्या माथ्यावरील चांदीसारखा लेप पांढरा पडला होता. काचेत हवा शिरली होती. तो व्हॉल्व संपला होता. कारागिराने दोन्ही ईएल बदलले. “बैलजोडी सारख्या दमाची पाह्यजे,” तो म्हणाला. आज व्हॉल्व मोजक्याच देशांत तयार होतात. म्हणून चांगला निघालेला जुना व्हॉल्व त्याने कापसात गुंडाळून मुलाच्या हाती दिला.

यंत्र सुरू झाले. काचेत तांबूस प्रकाश उजळला. आजोबांनी खंजिरीवर थाप मारली आणि ती दुकानभर घुमली.

घरी आल्यावर मुलाने प्रत्येक बैठकीजवळ व्हॉल्वचे नाव सुवाच्य अक्षरांत लिहून चिकटविले. आपल्यामागून येणाऱ्याला कोडे पडू नये, एवढी काळजी घेणे हीदेखील एक विद्याच होय.